हल्ली रा. गिरणारे शिवार

फिर्यादीत आरोपीचा पत्ता लिहायची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. 'मूळ रा. अमुक पाडा, ता. सुरगाणा, हल्ली रा. गिरणारे शिवार, ता. जि. नाशिक.' पोलीस ठाण्यातला मदतनीस हे न बघता टाइप करतो आणि आपण वकीलही न बघता पुढे सरकतो. माझ्याकडच्या एका प्रकरणात मात्र एका मजूर पोराचे कोठडीतले त्र्याहत्तर दिवस त्या एका ओळीत अडकले होते, त्यातही 'हल्ली' या शब्दात.

आधी सांगून टाकते, की मी यात मोफत विधी सेवेकडून आरोपीची वकील होते. म्हणजे तटस्थ नव्हतेच. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे, खटला अजून उभा राहायचा असल्यामुळे तो दोषी की निर्दोष यावरही बोलणार नाही. विषय तेवढाच, की खटला सुरू व्हायच्या आधी माणसाला आत ठेवायचं की बाहेर, हे कोर्ट कसं ठरवतं. आणि खरं म्हणजे ते किती वेळा ठरवतं.

घटना साधी आहे. १० फेब्रुवारी २०२५ ची रात्र, गिरणाऱ्याच्या पुढे एक द्राक्षबाग. विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची केबल कापून नेताना राखणदाराला जाग आली. बॅटरीच्या उजेडात त्याला तिघं दिसले. एकानं हातातला दांडा हाणला, कपाळाला तीन टाके पडले. केबलचं एक भेंडोळं बांधावरच राहिलं, दुसरं गेलं. केबलचोरी शहरातल्या माणसाला किरकोळ वाटते. माल काढणीला आलेला असताना मोटार बंद पडणं म्हणजे काय, हे बागवाल्याला विचारा. वर महावितरण, वायरमन आणि नवी केबल यांचा खर्च वेगळाच. त्या शेतकऱ्याचा राग खोटा नव्हता. आणि राखणदारही पेठ तालुक्यातला आदिवासी, वर्षातले सात-आठ महिने बागेतल्याच पत्र्याच्या खोलीत राहणारा. त्याचाही पत्ता 'मूळ रा.... हल्ली रा....' असाच लिहिलेला होता. ही गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली.

पहिला आरोपी १३ तारखेला सापडला. तो याच तालुक्यातला, घर-शेती असलेला, अंगावर चोरीचे आधीचे दोन गुन्हे. त्यानं दाखवलेल्या भंगारवाल्याकडून जाळून सोललेली तार मिळाली. त्यानं पोलिसांना आणखी दोन नावं सांगितली. त्यातलं एक, म्हणजे आरोपी क्र. ३, माझा पक्षकार. वय एकवीस. शनिवारी, १५ तारखेला, गिरणाऱ्याच्या मजूर अड्ड्यावरून त्याला उचललं. ज्यांना तो अड्डा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पेठ, सुरगाणा, हरसूलकडची माणसं पहाटे तिथं उभी राहतात, बागवाले पिकअप घेऊन येतात, मजुरी ठरते आणि गाडी भरून निघते. हंगामात कित्येक जण परत गावी जातच नाहीत, मळ्यातच मुक्काम करतात.

कलमानं काय काय ठरतं

जामिनाची चर्चा लोक युक्तिवादापासून सुरू करतात. ती कलमापासून सुरू व्हायला हवी. भारतीय न्याय संहितेत साधी चोरी, कलम ३०३(२), तीन वर्षांपर्यंत शिक्षेची. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी आणि अटक केलीच तर कारणं लिहावीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावलं आहे. चोरी करताना दुखापत केली की कलम ३०९(६) लागतं. ती जबरी चोरी, आणि शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. दांडा एकानं मारला तरी सोबतचे सगळे त्यात येतात.

म्हणजे एका दांड्यानं किती दारं बंद झाली बघा. नोटिशीचा प्रश्नच उरला नाही. दोषारोपपत्रासाठी पोलिसांना साठऐवजी नव्वद दिवस मिळाले. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ४७९ मध्ये पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायची जी सवलत आहे, तीही गेली. ज्या गुन्ह्याला जन्मठेपेची शिक्षा सांगितली आहे, त्याला ती सवलत नाही. उद्या न्यायाधीश याला दोनच वर्षं देतील असं सगळ्यांना वाटत असलं, तरी आज मोजमाप जन्मठेपेनंच होतं.

बरं, हे कलम लागतं का? जबरी चोरीच्या व्याख्येत 'त्या हेतूसाठी' असे शब्द आहेत. चोरी करण्यासाठी किंवा चोरलेला माल नेण्यासाठी मारहाण झाली पाहिजे. माल टाकून निव्वळ जीव वाचवायला पळताना धक्काबुक्की झाली, तर ती चोरी अधिक दुखापत, जबरी चोरी नव्हे. इथे एक भेंडोळं राहिलं आणि एक गेलं. दांडा कोणत्या भेंडोळ्यासाठी मारला? फिर्यादीत लिहिलं होतं, 'मला ढकलून व काठीने मारून पळून गेले.' दोन्ही बाजूंना उपयोगी पडणारं वाक्य. पण पोलीस ठाण्यात रात्री दोन वाजता हा खल कोणी करत नाही. मोठं कलम लावलं जातं, आणि ते लहान करायचं काम नंतर कोणाला तरी महिनोन्महिने करावं लागतं.

रविवार

अटकेनंतर चोवीस तासांत हजर करायचं म्हणून १६ तारखेला सुट्टीच्या कोर्टात आणलं. सीबीएस बसस्थानकाजवळचं आपलं नाशिकचं कोर्ट रविवारी वेगळंच असतं. टपऱ्या बंद, आवारात दोन-चार मोटारसायकली, आणि एका दालनात सगळ्या ठाण्यांचे आरोपी एकामागून एक. मला कागद हातात मिळाले आणि पुकारा झाला, यात दहा मिनिटंही गेली नसतील.

रिमांड अहवालात, म्हणजे पोलिसांच्या कोठडीच्या मागणीत, नेहमीचीच भाषा. साथीदार निष्पन्न करणे आहे, मुद्देमाल हस्तगत करणे आहे, गुन्ह्यात वापरलेले हत्यार जप्त करणे आहे, सखोल तपास करणे आहे. मागणी सात दिवसांच्या पोलीस कोठडीची. मी म्हटलं, मुद्देमाल पहिल्या आरोपीकडून मिळालाय, याच्याकडून मिळण्यासारखं काय उरलंय? तपासी अंमलदारांचं म्हणणं, दांडा मिळायचाय, दुसरा आरोपी फरार आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांनी तीन दिवस दिले. माझ्या मते ते चूक नव्हतं. एवढ्या लवकर, एवढ्या कागदावर, जखमी राखणदार समोर असताना कोणीही दोन-तीन दिवस दिलेच असते.

मला खटकलं ते दुसरंच. कोर्टानं विचारलं, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?' पोरानं मान हलवली. कोर्टानं 'तक्रार नाही' असं लिहून घेतलं. नंतर कळलं की त्याला 'विरुद्ध' हा शब्दच नीट उमगला नव्हता. घरी कोकणा बोली बोलणारा, आश्रमशाळेत सातवीपर्यंत गेलेला. मजुरीपुरतं मराठी येतं त्याला, कोर्टापुरतं येत नाही. त्याला मारहाण झाली नव्हती, हे त्यानंच मला नंतर सांगितलं, तेव्हा नुकसान काही झालं नाही. पण उत्तर त्याचं नव्हतंच.

अटकेची कारणं लेखी दिली होती, छापील नमुन्यावर, खाली त्याची सही. वाचून दाखवली का, हा प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही. विचारायला हवा होता. फेब्रुवारीतच सर्वोच्च न्यायालयानं विहान कुमार प्रकरणात सांगितलं होतं की कारणं आरोपीला खरोखर कळली पाहिजेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आणखी पुढे जाऊन म्हटलं की ती लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत, आणि फार तर रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी तरी हातात पडली पाहिजेत. कोकणा बोलीत छापील नमुना कोण काढणार, हा पुढचा प्रश्न.

१९ तारखेला कोठडी संपली. शिवजयंतीची सुट्टी, पुन्हा सुट्टीचंच कोर्ट, बाहेर ढोलताशा. दांडा मिळाला नव्हता. सरकारपक्षानं उर्वरित पोलीस कोठडीचा हक्क राखून न्यायालयीन कोठडी मागितली. नव्या संहितेनं हे एक नवंच प्रकरण आणलं आहे. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच घ्यावी लागे, आता ते पंधरा दिवस गुन्ह्याच्या शिक्षेनुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी घेता येतात. त्यावर उतारा म्हणून कायद्यातच लिहिलंय की, पुढे पोलीस कोठडी लागू शकते एवढ्याच कारणानं जामीन नाकारता येणार नाही. पण 'हक्क राखून' हे दोन शब्द कागदावर राहतात आणि पुढच्या कोर्टाला ते दिसतात.

पोरगा नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात गेला.

पहिला नकार

२१ फेब्रुवारीला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जामीन अर्ज टाकला. सोबतच्या एका ज्येष्ठ वकिलांनी हसून विचारलं, 'कशाला वेळ घालवताय? थेट सेशनला जा.' जन्मठेपेच्या गुन्ह्यात खालच्या कोर्टाचे हात बांधलेले असतात, असा सर्वसाधारण समज. तो पूर्ण खरा नाही. जो गुन्हा न्यायदंडाधिकारी स्वतः चालवू शकतात, त्यात केवळ जन्मठेपेचा उल्लेख आहे म्हणून त्यांचा जामिनाचा अधिकार जात नाही, असं आपल्याच उच्च न्यायालयानं म्हटलेलं आहे, आणि जबरी चोरीचा गुन्हा ते चालवू शकतात. मी तेच म्हटलं. २६ ला महाशिवरात्र, २७ ला आदेश झाला, अर्ज नामंजूर.

सरकार पक्षाचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, एका पानाचा होता. तो कोणत्याही अर्जावर चिकटवता येतो: आरोपी जामिनावर सुटल्यास फरार होईल, साक्षीदारांवर दबाव आणेल, पुन्हा तशाच प्रकारचे गुन्हे करेल. त्यात एक वाक्य होतं, 'आरोपी हे सराईत आहेत.' अनेकवचन. दोन गुन्हे पहिल्या आरोपीवर, याच्यावर शून्य, पण 'हे' मध्ये तिघंही आले. दुसरं वाक्य, 'आरोपी परतालुक्यातील असून त्यास कायमचा राहण्याचा ठावठिकाणा नाही.' आदेशात कोर्टानं तीन कारणं दिली. गुन्हा गंभीर, तपास प्राथमिक अवस्थेत, आणि आरोपी बाहेरगावचा. पहिली दोन मी पचवली. तिसऱ्यावर मात्र थांबले. सुरगाणा नाशिक जिल्ह्यातच आहे.

सेशन कोर्टात

४ मार्चला सत्र न्यायालयात अर्ज दाखल केला. १० तारखेला तपासी अंमलदार बंदोबस्तात. मग होळी, धुळवड. १९ ला रंगपंचमी, आणि नाशिकात रंगपंचमी म्हणजे काय ते रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारणाऱ्याला सांगायला नको. युक्तिवाद २० मार्चला झाला, साधारण वीस मिनिटं. तारखांचा हा हिशेब मी तक्रार म्हणून देत नाही. आत असलेल्या माणसाच्या दृष्टीनं सण म्हणजे पुढची तारीख, एवढंच.

जामीन देताना काय पाहायचं हे वरच्या कोर्टांनी पुष्कळदा सांगितलंय. प्रथमदर्शनी पुरावा आहे का, गुन्हा किती गंभीर, शिक्षा किती कडक, आरोपी पळून जाईल का, पुन्हा गुन्हा करेल का, साक्षीदार फोडेल का. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या प्रशांत कुमार सरकार निकालातली ही यादी प्रत्येक अर्जात उतरवलेली असते, त्यात 'समाजातलं स्थान' असाही एक मुद्दा आहे. पुरावा तोलायचा नाही, पण नजर टाकायची. शिक्षा म्हणून आत ठेवायचं नाही, हेही त्याच दमात सांगितलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९७७ मध्येच लिहून ठेवलं की जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद. ते वाक्य आपण सगळे अर्जाच्या पहिल्या पानावर टाकतो. न्यायाधीश ते वाचून पान उलटतात, कारण त्यांना उत्तर हवं असतं ते या माणसाबद्दल.

पुराव्यावर माझी बाजू बरी होती. याचं नाव आलं ते सहआरोपीनं पोलिसांना सांगितलं म्हणून, आणि पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही. याच्याकडून जप्ती शून्य. राखणदारानं तिघांना बॅटरीच्या उजेडात पाहिलं होतं, पण सव्वा महिन्यात ओळख परेड झालेली नव्हती. मोबाइलचं लोकेशन त्या भागातलं होतं, हा सरकारी वकिलांचा भक्कम मुद्दा. मी म्हटलं, तो राहतोच तिथं, लोकेशन दुसरीकडचं असतं तर संशय घ्यायचा! न्यायाधीश किंचित हसले. 'त्या हेतूसाठी'चा मुद्दाही मांडला. तो त्यांनी टिपून घेतला, आदेशात मात्र त्यावर मत दिलं नाही. ते खटल्यात ठरेल म्हणाले. योग्यच होतं.

मग आला पत्ता. न्यायाधीशांचा प्रश्न सरळ होता. 'हा गिरणाऱ्यात कोणाकडे राहत होता? त्यांचं काही पत्र?'

पत्र नव्हतं. ज्या बागेत तो दोन हंगाम कामाला होता, त्या मालकाकडे मी स्वतः गेले होते. चहा पाजला, पोरगं सरळ आहे म्हणाले, छाटणीला हात चांगला आहे म्हणाले. पत्राचं नाव काढताच म्हणाले, 'मॅडम, तेवढं सोडून काहीही सांगा. कोर्टाच्या कागदावर आमचं नाव नको.' शेजारच्या बागेत चोरी झालेली, भाऊबंदकीत रोजचं तोंड बघायचं. त्यांना दोष देता येत नाही.

मी सुरगाण्याचे कागद दिले. आधार, रेशनकार्ड, मतदार यादी, शाळेचा दाखला, आणि बापाच्या नावचा वनहक्काचा पट्टा. सरकारी वकील म्हणाले, हे मूळ पत्त्याचे कागद, तो तिथं राहतो कुठे? मी म्हटलं, पावसाळ्यात भात आणि नागली लावायला तो तिथेच असतो, बाकीचे महिने पोट जिकडे नेईल तिकडे. घर सोडून गेलेला माणूस आणि घर चालवायला बाहेर पडलेला माणूस यांत फरक आहे. त्या पट्ट्यासाठीच ही माणसं मार्च २०१८ मध्ये या कोर्टाबाहेरच्या सीबीएस चौकातून मुंबईपर्यंत पायी गेली होती. एवढ्या चिकाटीनं मिळवलेली जमीन टाकून कोण पळेल? हे शेवटचं वाक्य जरा भाषणासारखं झालं, मलाही जाणवलं.

२४ मार्चला जामीन मंजूर झाला. आदेश चांगला होता. नाव केवळ सहआरोपीच्या निवेदनातून आलं आहे, जप्ती नाही, पूर्वीचा गुन्हा नाही, जिल्ह्यातलाच रहिवासी आहे, त्याच्यापुरता तपास जवळपास पूर्ण आहे. अटी नेहमीच्या: पंचवीस हजारांचा जात मुचलका, म्हणजे आरोपीचं स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार, दोषारोपपत्र येईपर्यंत दर सोमवारी ठाण्यात हजेरी, साक्षीदारांशी संपर्क नाही, परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जायचं नाही.

बाप कोर्टाच्या जिन्यात बसला होता. मी सांगितलं, 'बाबा, जामीन झाला.' त्यानं विचारलं, 'मग आज येईल?'

सक्षम जामीनदार

इथपर्यंतची गोष्ट कायद्याच्या पुस्तकात सापडते, पुढची फारशी सापडत नाही.

जामीनदार म्हणून बाप उभा राहिला. कागद म्हणून वनपट्टा. कोर्टातल्या कारकुनानं तो उलटसुलट पाहिला आणि परत दिला. सातबारा आणा म्हणाले. सातबाऱ्यावर कब्जेदार शासन, आणि बापाचं नाव इतर हक्कात. कारकून उद्धट नव्हते, त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि त्यांचं म्हणणं कायद्याला धरूनच होतं. आरोपी पळाला तर जामीनदाराकडून पंचवीस हजार वसूल करायचे. कशातून करायचे? वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे मिळालेली जमीन वारसानं पुढे जाते, पण विकता येत नाही, हस्तांतरित करता येत नाही. जी जमीन विकता येत नाही, ती कोर्टाच्या लेखी ऐपत नाही.

मी बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले आणि तेव्हा मला हा पेच पहिल्यांदा नीट दिसला. चार दिवसांपूर्वी आतल्या दालनात हीच जमीन दाखवून मी सांगितलं होतं की हा माणूस पळणार नाही. विकता येत नाही म्हणूनच ती त्याला तिथं बांधून ठेवते. आणि कोर्टानं ते मानलं होतं. बाहेरच्या टेबलावर तोच कागद, त्याच कारणानं, निरुपयोगी. एका टेबलावर प्रश्न होता 'हा परत येईल का?', दुसऱ्यावर 'नाही आला तर आपल्याला काय मिळेल?' जामीनदाराची सगळी पद्धत दुसऱ्या प्रश्नावर उभी आहे.

हे नवीन नाही. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. दहा हजारांचा जामीनदार मागितलेला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारलेला. कृष्णा अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. त्याला तेव्हा सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

कारकुनांच्या सावधपणालाही कारण आहे, ते सांगितलं नाही तर अर्धवट होईल. बनावट सातबारा, भाड्यानं मिळणारे जामीनदार, एकच रेशनकार्ड पाच प्रकरणांत, हे सगळं घडतं. दोन जणांनी त्या बापालाही गाठलं होतं, 'करून देतो' म्हणून. तो मला विचारायला आला आणि मी त्याला परत पाठवलं. ती रक्कम परवडली असती तर तेव्हाच सुटला असता, हेही खरं.

गावात एका नातलगाकडे स्वतःच्या नावचा सातबारा होता. तयार झाले. पण ऐपत दाखला हवा. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार असा तो कागद वर चढतो, आणि हे मार्चअखेरीला. मग पाडवा, ईद. दाखला येईपर्यंत नातलगांच्या मुलानं सांगितलं, वडिलांना कोर्टाच्या भानगडीत ओढू नका. दाखला तसाच राहिला.

पहिल्या आरोपीचा जामीन ८ एप्रिलला झाला. दोन आधीचे गुन्हे, जप्ती त्याच्याकडूनच. त्याचा चुलता सातबारा आणि दाखला घेऊन दुसऱ्या दिवशी हजर. १० ला तो घरी होता.

जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा अडकलेल्यांसाठी काही सूचना दिल्या आहेत. जामिनाच्या आदेशाची प्रत ई-मेलनं कारागृहात जावी. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराचाच हट्ट धरू नये. इथे सात दिवसांचं पत्र वेळेवर आलं, म्हणून तर फाईल पुन्हा माझ्याकडे आली. पण मी 'दाखला आठवड्यात येतोय' या भरवशावर राहिले. अट बदलायचा अर्ज १ एप्रिललाच टाकायला हवा होता, तो मी १६ ला टाकला. केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आहे, कच्च्या, म्हणजे शिक्षा न झालेल्या, कैद्याच्या जामिनासाठी तेव्हा चाळीस हजारांपर्यंत मदत मिळू शकत होती, जिल्हा समितीपुढे प्रकरण ठेवावं लागे. तो अर्ज तर मी केलाच नाही. ही माझी चूक, दुसऱ्या कोणाची नाही.

कायद्यात एक गमतीशीर विसंगती आहे. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर आरोपी गरीब आहे असं कोर्टानं गृहीत धरायचं आणि मुचलक्यावर सोडायचं, असं संहितेतच लिहिलंय. अजामीनपात्र गुन्ह्यात कोर्टानं जामीन दिला तर हे गृहीतक नाही. जणू कलम बदललं की माणसाची गरिबीही बदलते.

२२ एप्रिलला दोषारोपपत्र दाखल झालं. रिमांडच्या दिवसापासून तो सहासष्टावा दिवस. साधी चोरी असती तर साठ दिवस १६ एप्रिललाच भरले असते आणि आपोआप जामिनाचा हक्क मिळाला असता. अर्थात तिथेही जामीनदार मागितलाच असता, म्हणून त्याबद्दल फार हळहळत नाही. त्यातली विनोदी गोष्ट अशी की दर सोमवारच्या हजेरीची अट दोषारोपपत्र येईपर्यंतचीच होती. म्हणजे ती अट तो आत असतानाच संपली. एकदाही पाळावी लागली नाही.

२५ एप्रिलला कोर्टानं जामीनदाराऐवजी पंधरा हजार रोख भरायला परवानगी दिली. सोमवारी २८ ला रक्कम भरली, २९ च्या सकाळी तो बाहेर आला. मी वहीत हिशेब मांडला. जामीन मिळण्याआधी सदतीस रात्री, जामीन मिळाल्यानंतर छत्तीस.

देशातल्या कैद्यांत शिक्षा न झालेले किती, याचा आकडा वारंवार छापून येतो. २०२२ अखेर ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे शंभरात पंचाहत्तरहून अधिक. त्यांतले किती जण जामीन नाकारला म्हणून आत आहेत आणि किती जण जामीन मिळूनही, हे त्या एका आकड्यात दिसत नाही. माझ्या पक्षकाराच्या पहिल्या सदतीस रात्री आणि नंतरच्या छत्तीस रात्री त्यात एकाच रकान्यात पडल्या असत्या.

पंधरा हजार कुठून आणले, हे मी २८ तारखेला विचारलं नाही. पावती करायची घाई होती. जूनमध्ये बाप दोषारोपपत्राची प्रत न्यायला आला तेव्हा कळलं. दिंडोरीकडच्या एका मुकादमाकडून उचल घेतली होती. ऑक्टोबरच्या छाटणीला बाप आणि पोरगा, दोघांनी त्याच्याच टोळीत जायचं, आणि फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही.

कोर्टात भरलेली रक्कम खटला संपल्यावर परत मिळते. तोवर आरोपीनं आपला बदललेला पत्ता कळवत राहायचं असतं. ऑक्टोबरच्या तारखेला पोरगा वेळेवर आला, मुकादमानं त्या दिवसाची मजुरी कापली म्हणाला. मी पत्त्याचा अर्ज लिहायला घेतला. मूळ रा. तोच. हल्ली रा.? त्यानं बागेचं नाव सांगितलं, मग थांबून म्हणाला, 'मॅडम, पुढच्या महिन्यात टोळी दुसऱ्या बागेत जाणार आहे. कोणतं लिहायचं?'